ओटीपी कोणाच्या मोबाईलवर येतो?

गेल्या सुट्टीत फुलचूरला गेलो, तेव्हा मोहल्ल्यातल्या दोन-तीन मुलांना घेऊन इंटरनेटची छोटी पाहणी केली. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, त्यामुळे प्रश्नावली मीच तयार केली. पहिला प्रश्न होता, ‘घरात इंटरनेट आहे का?’ जवळजवळ प्रत्येक घरातून उत्तर आले, ‘आहे.’ गाव गोंदिया शहराला लागूनच, रेंजची अडचण नाही. काम झाले असे वाटले.

मग शेजारच्या खालांनी विचारले, “बेटा, लाडकी बहीणचं ई-केवायसी करून देतोस का?” त्यांच्या आधारला जोडलेला नंबर मुलाचा होता आणि मुलगा नागपूरला कामावर. तो फोन उचलेना. दोनदा ओटीपीची मुदत संपली. माझ्या कागदावर मात्र हे घर ‘इंटरनेट आहे’ या रकान्यात होते.

माझा प्रश्नच चुकला होता. मी घरे मोजली, माणसे मोजली नाहीत.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात माणसे मोजलेली आहेत. १५ ते ४९ वयोगटात, ग्रामीण भारतात कधी ना कधी इंटरनेट वापरलेले पुरुष ४८.७ टक्के, तर स्त्रिया २४.६ टक्के. स्वतः वापरता येईल असा मोबाईल असलेल्या ग्रामीण स्त्रिया ४६.६ टक्के. ग्रामपंचायतींपर्यंत फायबर नेण्याची योजना सरकारने २०११ मध्ये मंजूर केली. तीच आजची भारतनेट. ती हवीच. पण घरातल्या घरातले हे अंतर केबलने मिटत नाही.

ते आपणच राखले आहे. ‘मुलीच्या हातात मोबाईल कशाला?’ हे वाक्य आपल्या घरांत आजही सहज बोलले जाते. केरळमधल्या फहीमा शिरीन या विद्यार्थिनीला संध्याकाळी मोबाईल जमा करण्याचा नियम न पाळल्यामुळे हॉस्टेलमधून काढले गेले. ती कोर्टात गेली. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयाने इंटरनेट वापरण्याचा हक्क हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या हक्काचा भाग मानला.

दुसऱ्यांना काय सांगू? माझ्या बहिणीचा शिष्यवृत्तीचा अर्ज मीच, माझ्याच नंबरवर भरला होता. पासवर्ड मला माहीत, तिला नाही. तेव्हा आपण मदत करतोय असेच वाटले होते.

दोस्तांनो, आपल्या मोहल्ल्यात पाहणी कराल तेव्हा घरातल्या प्रत्येक बाईला आणि मुलीला वेगळे विचारा: मोबाईल तुमचा स्वतःचा आहे का? आधारला नंबर कोणाचा आहे? शेवटचा ऑनलाइन अर्ज कोणी भरला? सुरुवात आपल्या अम्मीपासून करा.

खालांकडे बटणांचा साधा फोन होता. ओटीपीला तेवढा पुरतो. आधार केंद्रावर जाऊन आम्ही तोच नंबर जोडून घेतला.