दुप्पट भाडं आणि उसनं गाव

परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजीची परीक्षा द्यावी लागते. तिला आयल्ट्स म्हणतात. तिचा बोलण्याचा भाग अकरा ते चौदा मिनिटांचा. त्यातली पहिली चार-पाच मिनिटं मुलाखतीची. समोर एक परीक्षक. ओळख पटवायला तुमचा पासपोर्ट. बोललेलं सगळं रेकॉर्ड होतं. आणि प्रश्न कसले? तुमचं पूर्ण नाव काय? तुम्ही कुठले? काम करता की शिकता? राहता ते घर कसं आहे? गावातलं तुम्हाला काय आवडतं?

दोस्तहो, पांढरपेशांच्या पोरांना हे प्रश्न म्हणजे चहाआधीचं पाणी. घसा ओला करायला दिलेलं. आपल्याला ते तसे लागत नाहीत. नाव काय, आडनाव काय, गाव कुठलं, गावात घर कुठल्या अंगाला, हे आपल्याला एसटीत विचारलंय, शाळेत विचारलंय, भाड्याची खोली बघायला गेल्यावर दारातच विचारलंय. उत्तर दिलं की समोरच्याचं तोंड कसं फिरतं ते आपण बघितलंय. म्हणून आपलं पोरगं परीक्षकासमोर बसतं तेव्हा क्रियापद अडायच्या आधी त्याची जीभ आडनावापाशी अडते. गावापाशी अडते. बापाच्या धंद्यापाशी अडते.

आणि या अडलेल्या जिभेवर शहराशहरांतून दुकानं उघडली आहेत.

मी मॅट्रिक. गाव कोरेगाव, जिल्हा सातारा. मुंबईच्या गोदीत कंत्राटदाराच्या टोळीत हमाली करतो आणि कविता लिहितो. परीक्षा मला द्यायची नाही, धाकट्या बहिणीला द्यायचीय. ती नर्सिंग शिकलीय. इंग्लंडात नर्स म्हणून नाव नोंदवायचं तर या मार्गानं बोलण्यात नऊपैकी सात लागतात. परीक्षेची फी माझ्या महिन्याच्या मजुरीला जाऊन भिडते. क्लासची फी वेगळी. दोन्ही भरल्या.

क्लासनं तिला काय दिलं? पाठ करायला कागद दिले. त्या कागदांवर तिचं घर आहे, घराला बाल्कनी आहे, अंगणात बाग आहे, बागेत आजोबा गुलाबाला पाणी घालतायत. रविवारी सगळं कुटुंब गाडी काढून फिरायला जातं. आमच्या आज्यानं हयातभर गावची मेलेली ढोरं ओढली. गुलाब त्यानं हारातच बघितला, तोही दुसऱ्याच्या गळ्यात.

पोरगी मला फोनवर म्हणाली, "दादा, गोदी म्हणू नको म्हणाल्या मॅडम. माय ब्रदर वर्क्स इन लॉजिस्टिक्स असं म्हण म्हणाल्या. आन् वस्तीचं नाव कशाला घेतेस, निअर द मार्केट म्हण. कोरेगाव तरी कशाला, लोक भलतंच समजतात. नुसतं सातारा म्हण."

भलतंच म्हणजे काय ते आपल्याला कळतं. भीमा कोरेगाव पुणे जिल्ह्यात, शिरूर तालुक्यात. १ जानेवारी १८१८ ची लढाई तिथली. आमचं कोरेगाव सातारा जिल्ह्यातलं, तालुक्याचं, पुणे-मिरज रेल्वेवरचं. आमच्या वाघ्या घेवड्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे आमच्या शेंगेला गावाचं नाव लावायचा कायदेशीर हक्क आहे. घेवडा छाती पुढं काढून सांगतो, मी कोरेगावचा. आणि माणसाच्या लेकीनं मात्र गाव गिळायचं!

आता शंभरावर वर्षं मागं चला, आमच्याच रेल्वेवर. साल १९०१. साताऱ्याहून चार पोरं गाडीत बसली. त्यातलं एक दहाच्या आतबाहेरचं, भिवा. आदल्या वर्षी, ७ नोव्हेंबर १९०० ला, साताऱ्याच्या सरकारी शाळेत इंग्रजी पहिलीत त्याचं नाव घातलेलं. बाप रामजी खटाव तालुक्यात दुष्काळी कामावर कॅशियर. त्या गावाचं नावही बाबासाहेबांच्या लिखाणात कोरेगाव असंच छापलंय. काही चरित्रांत ते गोरेगाव आहे. पोरं मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कुणी आलं नव्हतं. कपडे झकपक, डोक्यावर टोप्या. स्टेशनमास्तरला वाटलं, बामणाची लेकरं. त्यानं जवळ येऊन विचारलं, कोण तुम्ही?

हीच ती मुलाखत. भिवानं विचार न करता खरं सांगितलं. मास्तरचं तोंड फिरलं. बाहेर भाड्याच्या बैलगाड्या उभ्या होत्या, पण महाराची पोरं घ्यायला कुणी तयार होईना. शेवटी एक जण तयार झाला. अट अशी, की भाडं दुप्पट आणि गाडी पोरांनीच हाकायची. तो आपला बाजूनं चालत येणार. रात्री वाटेत टोलनाका लागला. पोरं तहानेनं व्याकूळ. गाडीवानानं अक्कल दिली, मुसलमान आहोत म्हणून सांगा. भिवा नाकेदारापाशी गेला, उर्दूत बोलला, जात लपवली आणि पाणी मागितलं.

मिळालं का? नाही मिळालं. नाकेदारानं डोंगराकडं बोट दाखवलं.

पोरांनो, पोरींनो, हे नीट ध्यानात घ्या. खरं बोलल्यावर गाडी अडली हे सगळे सांगतात. खोटं बोलूनही पाणी मिळालं नाही, हे कुणी सांगत नाही. परक्या भाषेत, परक्या नावानं, पढवलेलं वाक्य बोलून ते पोरगं रात्रभर तहानलेलंच राहिलं.

आजचा क्लासवाला हा तोच गाडीवान आहे. भाडं दुप्पट घेतो. गाडी तुलाच हाकायला लावतो. तुझ्या शेजारी बसायला त्याला नको असतं. आणि नाक्यावर पोचलास की कानात सांगतो, तू जो आहेस तो सांगू नकोस.

यावर आपल्यातलेच शहाणे म्हणतील, अरे परीक्षा आहे ही, चळवळ नव्हे. मार्क मिळवायचे आणि सुटायचं. ठीक. मार्कांचंच बोलू. बोलण्याचे मार्क चार गोष्टींवर पडतात: अडखळत न थांबता आणि संगती ठेवून बोलणं, शब्दसंपत्ती, व्याकरण, उच्चार. चौघांचं वजन सारखं. पाचवं खातं नाही. बाल्कनीला मार्क नाहीत, आजोबाच्या बागेला मार्क नाहीत. उलट पाठ केलेलं उत्तर परीक्षकाला लगेच कळतं, कारण त्याचं कामच ते आहे. तो मधेच वळण घेतो. विचारतो, आजोबांनी बाग केव्हा लावली? कुठली झाडं आधी लावली? मग आमची पोरगी काय सांगणार? जी बाग तिनं बघितलीच नाही तिच्यात ती किती वेळ फिरणार? तिथं ती थांबते. मार्क तिथंच जातात. उसन्या घरात रात्री दिवा लावायची जागा सापडत नाही, तसं होतं ते.

दुसरे म्हणतील, परीक्षक आपल्याच देशातला निघाला, आडनाव ओळखणारा निघाला तर? निघूदे. पासपोर्ट त्यानं पहिल्या प्रश्नाच्या आधीच बघितलेला असतो. आडनाव तिथं छापलंय. तू बाल्कनी सांगून काय झाकणार? तुझं बोलणं रेकॉर्डवर आहे. मार्क अन्यायानं कापले असं वाटलं तर फेरतपासणी मागता येते. मसूरच्या फलाटावर भिवाकडं रेकॉर्डिंग नव्हतं. तुझ्याकडं आहे. त्याचा उपयोग कर.

आणि उच्चार! बोलण्याचा ढंग कुठला, यावर ही परीक्षा मार्क कापत नाही. बोललेलं समजलं पाहिजे, एवढंच. आता मराठीचं बघा. आम्ही 'पानी' म्हणतो. माझ्या शाळेत त्या एका 'न'साठी मास्तरानं वर्गासमोर उभा केलाय, आणि सगळा वर्ग फिदीफिदी हसलाय. पाण्याला शिवू दिलं नाही आणि वर शब्दालाही शिवू दिलं नाही. वॉटर या शब्दात 'ण' नाही, दोस्तहो. म्हणून कुणी आम्हाला मातृभाषेची शपथ घालू नये. सातारा जिल्ह्यातल्याच नायगावच्या सावित्रीमाईनं १८५४ साली 'काव्यफुले' छापलं. इंग्रजीला तिनं कवितेत माऊली म्हटलं. माझा राग इंग्रजीवर नाही. इंग्रजीत शिरताना दारात कातडी काढून ठेवायला लावणाऱ्यांवर आहे.

आपल्या थोरांनी गोऱ्यांसमोर तोंड कसं उघडलं ते बघा. १८८२ साली जोतिबांनी हंटर आयोगापुढं निवेदन दिलं. सुरुवातच स्वतःच्या गावापासून: पुणं आणि आसपासची खेडी, तिथं मी काय केलं, काय पाहिलं. मग सरकारचा हिशेब काढला, की पैसा शेतकऱ्याचा आणि शिक्षण वरच्यांना. १९१९ साली साउथबरो समितीपुढं बाबासाहेब साक्षीला उभे राहिले ते अस्पृश्यांचं दुखणं मांडायला. वय सत्तावीस. आपल्यातल्या कित्येकांचं आज तेवढंच आहे. मुलाखत म्हणजे दुसऱ्याला आवडेल असा चेहरा लावणं, हे यातल्या कुणीच मानलं नाही.

आणि मसूरची ती हकिकत आपल्यापर्यंत आली कशी? बाबासाहेबांनी ती स्वतः लिहिली. इंग्रजीत लिहिली. परक्या देशातल्या माणसाला अस्पृश्यता काय ते कळावं म्हणून लिहिली. तिचं नाव 'वेटिंग फॉर अ व्हिसा'. त्यांच्या माघारी १९९० मध्ये ती पुस्तिका म्हणून छापली गेली. तुम्ही कुठले, घर कसं, लहानपण कसं, या प्रश्नांचं असलं नमुना उत्तर कुठल्याच क्लासच्या कपाटात नाही. वाक्यं साधी. शब्द रोजचे. आणि एकही गुलाब नाही.

सरकारलाही गाव लपवलेलंच आवडतं. २०२२ साली केंद्र सरकारनं अनुसूचित जातींच्या पोरांसाठी असलेल्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीचे नियम बदलले. भारताची संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतावरचा सामाजिक अभ्यास यांसाठी ती मिळणार नाही असं लिहिलं. म्हणजे विलायतेला जा, यंत्र शिक, औषध शिक, पण तुझ्या वस्तीवर का बोलतोस? मॅडम म्हणतात निअर द मार्केट म्हण, दिल्ली म्हणते विषय बदल. सूर एकच.

तिकडं पोचलं की सुटका, हेही डोक्यातून काढा. २०२३ च्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या सिअ‍ॅटल शहरानं जातिभेदावर बंदी घातली. का घालावी लागली? आपल्या आडनावाचा वास घेणारे आपल्याआधी तिथं पोचलेत म्हणून. आणि बंदी आली कशी? लोक सभागृहात उभे राहिले आणि आपली जात, आपली हकिकत इंग्रजीत बोलले म्हणून. बाग सांगितली असती तर कायदा झाला नसता.

तर करायचं काय? क्लासचे कागद चुलीत घाला. विहारात संध्याकाळी चौघं-पाच जण बसा. एकानं परीक्षक व्हायचं. मोबाईलवर रेकॉर्ड करायचं आणि सगळ्यांनी ऐकायचं. प्रत्येक प्रश्नाला दोन-तीन वाक्यं: उत्तर, कारण, एक उदाहरण. प्रश्न कळला नाही तर 'कुड यू रिपीट दॅट, प्लीज?' म्हणा, त्यात लाज नाही. चूक झाली तर तिथंच सुधारा आणि पुढं चला. शब्द लागतील ते आपल्या जगण्यातले शोधा. गोदीत आम्ही ओझं उचलायला 'हबेस' म्हणतो, खाली सोडायला 'आर्या'. खलाशांचे शब्द आहेत ते. 'आर्या' तर पोर्तुगीजांच्या तोंडून आलेला. अंगठाबहाद्दर हमालांनी समुद्रापारची भाषा खांद्यावरून उतरवून घेतली, कुठल्या क्लासला न जाता. मॅट्रिकवाल्यांना, पदवीवाल्यांना ते जमणार नाही?

धाकटीचं उत्तर आम्ही आता असं केलंय. आय अ‍ॅम फ्रॉम कोरेगाव, इन सातारा डिस्ट्रिक्ट. पीपल नो अवर बीन्स, बट दे डोन्ट नो अवर स्ट्रीट. माय ब्रदर इज अ डॉक वर्कर, ही कॅरीज सॅक्स. आय बिकेम अ नर्स बिकॉज आय हॅव सीन हिज बॅक. व्याकरण तपासून घेतलंय. पाठ केलेलं नाही, कारण पाठ करायची गरज नाही. माझी पाठ तिनं लहानपणापासून चोळलीय. परीक्षकानं उलटा-सुलटा कुठलाही प्रश्न विचारू दे, ती अडणार नाही.

दुप्पट भाडं द्यायचं बंद करा. गाडी आपणच हाकतोय, तर नावही आपलंच सांगू.