ज्याचे जळते त्यालाच कळते



कृषी महाविद्यालयाची मुले दर वर्षी आपल्या गावात मुक्कामाला येतात. मुलगे असले तर ते 'कृषिदूत', मुली असल्या तर त्या 'कृषिकन्या'. शेवटच्या वर्षाच्या अभ्यासक्रमाचाच तो भाग आहे. सरपंच सत्कार करतात, मुले बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक दाखवतात, माती तपासण्याचे महत्त्व सांगतात, फोटो निघतो, वर्तमानपत्रात चार ओळी येतात. संध्याकाळी ओट्यावर एखादा म्हातारा सहज विचारतो, "पोरांनो, शिक्षण संपल्यावर करणार काय?" उत्तर बहुधा ठरलेले असते: "स्पर्धा परीक्षेचा अभ्यास."

ज्या मुलाने चार वर्षे शेती शिकली, त्याला शेतीच्या आसपासचा एकही धंदा करावासा वाटत नाही, यात दोष मुलाचा नाही. तो शेतकऱ्याचाच मुलगा असतो. बापाची पट्टी त्याने पाहिलेली असते. आडत, हमाली, तोलाई, गाडीभाडे वजा जाता हातात काय उरते हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही.

सरकारला हे ठाऊक नाही असे नाही. ९ एप्रिल २००२ रोजी केंद्राने कृषी चिकित्सालय व कृषी व्यवसाय केंद्रांची योजना काढली. कृषी पदवीधराला ४५ दिवसांचे मोफत प्रशिक्षण, मग बँकेचे कर्ज, त्यावर ३६ टक्के आणि महिला व अनुसूचित जाती-जमातींसाठी ४४ टक्के अनुदान. २०१५ मध्ये पंतप्रधानांनी पदवीच्या विद्यार्थ्यांसाठी 'स्टुडंट रेडी' जाहीर केले. त्या नावातच ग्रामीण उद्योजकता आहे. २०१८-१९ पासून राष्ट्रीय कृषी विकास योजनेतून विद्यापीठांत आणि संशोधन संस्थांत 'इनक्युबेशन सेंटर' उभी राहिली. आपल्याकडे अकोल्याच्या विद्यापीठातही असे केंद्र आले. नुसती कल्पना असेल तर ५ लाखांपर्यंत, धंदा उभा राहत असेल तर २५ लाखांपर्यंत मदत, अशी सुरुवातीची रचना होती.

योजना कमी पडल्या असे कोणी म्हणू शकणार नाही. महाराष्ट्रातील मुले २००२ च्या योजनेचे प्रशिक्षण घेण्यात देशात आघाडीवर राहिली. तरीही देशभरात प्रशिक्षण घेतलेल्यांपैकी निम्म्याहून कमी मुलांनी प्रत्यक्ष धंदा सुरू केला, असे सरकारचेच आकडे सांगतात. म्हणून या वेळी जिल्ह्याच्या बैठकीपुढे वेगळाच प्रश्न ठेवायचा आहे. विद्यापीठात उद्योजकता शिकवतो कोण? सल्लागार म्हणून खुर्चीवर बसतो कोण? त्या माणसाचे स्वतःचे काय पणाला लागलेले असते?

डाळ मिलची गोष्ट

अकोला विद्यापीठाने तयार केलेली 'पीकेव्ही मिनी डाळ मिल' विदर्भातल्या शेतकऱ्याला सांगावी लागत नाही. हे विद्यापीठाचे खरे काम. ज्या अभियंत्यांनी आणि कारागिरांनी ते यंत्र गावच्या ताकदीला परवडेल असे बसवले, त्यांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. तेल किती चोळायचे, पाणी किती मारायचे, वाळवण किती दिवस ठेवायचे, हे त्यांना स्वच्छ ठाऊक आहे आणि ते मुलांना नीट शिकवतातही.

पण यंत्र म्हणजे धंदा नव्हे. डाळ मिल टाकणाऱ्या मुलाची परीक्षा यंत्रावर होत नाही, ती जानेवारी-फेब्रुवारीत होते. तूर बाजारात येते तेव्हा ती रोखीने घ्यावी लागते. बँकेने यंत्राला कर्ज दिलेले असते. तूर घ्यायला खेळते भांडवल मात्र दिलेले नसते. हंगामात तूर घेता आली नाही तर उरलेले आठ महिने यंत्र झाकून ठेवायचे, आणि हप्ता काही झाकून राहत नाही. क्विंटलला ७० किलो डाळ उतरली की ७५, या ५ किलोंत वर्षाचा नफा किंवा तोटा दडलेला असतो. चुणी कोणाला विकायची, किराणा दुकानदाराला उधारी किती दिवसांची द्यायची, पावसाळ्यात वाळवणाचे काय करायचे, हे प्रकल्प अहवालाच्या कोणत्या रकान्यात लिहितात?

आमच्या माहितीतला एक मुलगा या मार्गाने गेला. प्रकल्प अहवाल सल्लागाराने लिहून दिला. त्यात यंत्र वर्षातून ३०० दिवस चालेल असे गृहीत धरले होते. मुलाने शंका काढली तेव्हा त्याला सांगण्यात आले, "बँकेला असेच लागते." मंजुरी आली, उद्घाटन झाले, फीत कापली. दुसऱ्या वर्षी मिल बंद पडली. कर्ज बापाच्या सातबाऱ्यावर राहिले. सल्लागाराच्या कागदोपत्री ते प्रकरण आजही 'यशस्वी' आहे, कारण त्याची जबाबदारी मंजुरीपर्यंतच होती.

हा एका माणसाचा अप्रामाणिकपणा नव्हे, ही रचनाच तशी आहे. २०२० मध्ये सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची केंद्रीय योजना आली. तिच्या नियमांत जिल्हा पातळीवरच्या मार्गदर्शकाला एका प्रकरणामागे २०,००० रुपये ठरवले. निम्मे बँकेची मंजुरी मिळाल्यावर आणि निम्मे नोंदणी, परवाने, प्रशिक्षण पार पडून प्रकल्प उभा राहिल्यावर. उद्योग तिसऱ्या वर्षी जिवंत आहे की नाही, याचा त्या मोबदल्याशी संबंध नाही. सालगड्याला आपण पीक घरात येईपर्यंत धरून ठेवतो. इथे पेरणी झाली की हिशेब चुकता!

उबवणी केंद्रातली माणसे

इनक्युबेशन म्हणजे उबवणी. आपल्या घरातली कोंबडी अंड्यांवर २१ दिवस बसते. दहाव्या दिवशी ती उठून गेली तर पिल्लू निघत नाही, अंडी नासतात. हे आपल्या मायबहिणींना सांगण्याची गरज नाही.

या केंद्रांत काम करणारी माणसे बहुतेक कंत्राटी असतात. प्रकल्पाचा पैसा आहे तोवर नेमणूक. पुढच्या वर्षी आपण इथे असू की नाही याची त्यांनाच खात्री नसते. एखादा व्यवस्थापक होतकरू मुलांना बाजाराशी जोडू लागतो, पाच-पन्नास ओळखी करतो आणि मुदत संपली म्हणून घरी जातो. नवा येतो तो पहिल्यापासून सुरुवात करतो. दुसरीकडे विद्यापीठांत प्राध्यापकांच्या कितीतरी जागा रिकाम्या. आहे तोच प्राध्यापक वर्गही घेतो, बियाण्याचे प्रयोगही पाहतो, शिवार फेरीत मंडपही सांभाळतो, आणि 'उद्योजकता कक्षाचा अतिरिक्त कार्यभार'ही त्याच्याच गळ्यात पडतो. अशा माणसाला शिव्या देऊन काही साधणार नाही. तो आपला शत्रू नव्हे. अंड्यावरून कोंबडी उठवणारा वेगळाच आहे.

जे शिकवले जात नाही

यापेक्षाही मोठी उणीव अभ्यासक्रमात आहे. उद्योजकतेच्या वर्गात मुलाला बाजाराचा अंदाज घ्यायला शिकवतात, जोखमीची यादी करायला लावतात. त्या यादीत पाऊस असतो, कीड असते, भावाची घसरण असते. सरकार नसते!

समजा, २०२३ च्या उन्हाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या मुलाने कांदा निर्यातीचा प्रकल्प मांडला. चाळ बांधली, प्रतवारीचे यंत्र घेतले, परदेशातला गिऱ्हाईक जोडला. ऑगस्टमध्ये ४० टक्के निर्यात शुल्क बसले. ऑक्टोबर संपता संपता टनाला ८०० डॉलर किमान निर्यात मूल्य आले. ८ डिसेंबरला सरसकट बंदी. ४ मे २०२४ रोजी बंदी उठली, पण ४० टक्के शुल्क ठेवूनच. ते उतरत उतरत पूर्ण गेले १ एप्रिल २०२५ रोजी. या दीड-पावणेदोन वर्षांत त्या मुलाने कोणते 'उद्योजकीय गुण' दाखवायला हवे होते? सोयाबीनचा धंदा करणाऱ्याने भाव बांधून घ्यायला वायदेबाजार वापरावा, असे पुस्तक सांगते. डिसेंबर २०२१ मध्ये सोयाबीन, हरभऱ्यासह सात मालांचे वायदे थांबवले गेले आणि त्या बंदीची मुदत पुन्हा पुन्हा वाढवली गेली.

जीवनावश्यक वस्तू कायदा १९५५ चा, बाजार समितीचा कायदा १९६३ चा. शेतमालाच्या धंद्यात पडणाऱ्या मुलाने हे दोन कायदे आधी वाचले पाहिजेत. यंत्रांची सूची नंतर. ज्या सल्लागाराला हे ठाऊक नाही तो मुलाला भोवऱ्यात ढकलतो. ज्याला ठाऊक असून तो बोलत नाही, त्याने सल्लागाराची खुर्ची सोडावी.

तोट्याचेही तेच. २०१० मध्ये युरोपात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वॅट क्लोराइडचा अंश सापडला. बागाईतदार ते औषध 'लिहोसिन' म्हणून ओळखतात. कंटेनर अडकले, बागाईतदार आणि निर्यातदार दोघेही बुडाले. त्या एका हंगामाने द्राक्षवाल्यांना औषधांच्या नोंदी आणि अंश तपासणी जितकी शिकवली, तितकी शंभर व्याख्यानांनी शिकवली नसती. ती माणसे आज आपल्यात आहेत. त्यांना विद्यापीठाच्या वर्गात उभे केले तर? आज तिथे यशोगाथा सांगायला पाहुणे बोलावतात. बुडालेला माणूस कोणी बोलावत नाही.

आपले काय चुकले

बोट दुसऱ्याकडे दाखवताना तीन बोटे आपल्याकडे असतात. १९९१ मध्ये शेगावच्या मेळाव्यात शरद जोशींनी चतुरंग शेतीचा कार्यक्रम दिला. सीता शेती, माजघर शेती, व्यापार शेती आणि निर्यात शेती. शेतकऱ्याने पिकवून थांबू नये. प्रक्रिया करावी, व्यापार करावा, परदेशी माल पाठवावा, हे तेव्हा सांगितले गेले. 'स्टुडंट रेडी'च्या आधी २४ वर्षे! आपण टाळ्या वाजवल्या आणि घरी येऊन पुन्हा कपाशीच लावली.

पुढे कंपनी कायद्यात दुरुस्ती झाली आणि २००३ पासून शेतकऱ्यांच्या उत्पादक कंपन्या काढता येऊ लागल्या. किती तरी कंपन्यांचे संचालक मंडळ म्हणजे एकाच भावकीची पंगत. हिशेबनीस ठेवायला पैसे नाहीत, सभा कागदावर, वही कुलपात. आपलीच वही आपण उघडत नाही, तर विद्यापीठाच्या मुलाने धंदा कुठे पाहायचा? आणि धंदा करणाऱ्या पोराला मुलगी देताना आपणच मागेपुढे पाहतो, हेही एकदा कबूल करावे.

बैठकीपुढचे ठराव

भीक नको, हवे घामाचे दाम, हे आपले म्हणणे. विद्यापीठाकडेही आपल्याला अनुदानाची भीक मागायची नाही. आपल्याला तिथे शिकवण्याचा हक्क मागायचा आहे. प्रत्येक जिल्ह्याने आपल्या विद्यापीठाच्या कुलगुरूंकडे पुढील मागण्या लेखी पाठवाव्यात.

१. उद्योजकता शिकवणाऱ्या आणि प्रकल्प निवडणाऱ्या सल्लागारांची नावे, आणि त्यांनी स्वतः कोणता धंदा किती वर्षे केला, हे दर वर्षी जाहीर करावे.

२. निवड समितीच्या निम्म्या जागा शेतमालाचा धंदा प्रत्यक्ष करणाऱ्या शेतकऱ्यांना द्याव्यात. कार्यकारी परिषदेवर 'प्रगतिशील शेतकरी' नेमतात तसे वरून नेमलेले नकोत. उत्पादक कंपन्यांनी निवडून पाठवलेले हवेत.

३. केंद्राचे यश मंजुरीच्या आकड्यावर मोजू नये. तीन वर्षांनी किती उद्योग चालू आहेत, तेवढेच मोजावे. सल्लागाराच्या मोबदल्याचा काही भाग तोपर्यंत राखून ठेवावा.

४. बंद पडलेल्या प्रत्येक उद्योगाची कारणे, नावे वगळून, लिहून ठेवावीत आणि ती वर्गात शिकवावीत.

५. शेतमालाच्या व्यापाराचे कायदे आणि निर्यातबंद्यांचा इतिहास अभ्यासक्रमात सक्तीचा असावा.

६. उबवणी केंद्रातील कर्मचाऱ्यांची नेमणूक किमान पाच वर्षांची असावी.

एवढे मागून आपण मोकळे होत नाही. ज्या गावात कृषिदूत येतील, त्या गावातल्या आपल्या कार्यकर्त्याने दोन मुलांना एका आठवड्यासाठी बाजारात बरोबर न्यावे. लिलावाला उभे करावे, पट्टी वाचून दाखवावी, दहा क्विंटल माल त्यांच्या हाताने विकू द्यावा आणि विक्रीवरची मेहनत त्यांना रोख द्यावी. फुकट राबवू नये. ज्यांचा धंदा बुडाला त्यांनी आपली वही घेऊन पुढच्या बैठकीला यावे. बुडीत वही घेऊन येण्यात लाज नाही. त्या वहीतले आकडे कोणत्याही पुस्तकात मिळत नाहीत.

ज्याचे जळते त्यालाच कळते, ही म्हण आपण आजवर रडण्यासाठी वापरली. आता ती शिकवण्यासाठी वापरू. शेतकऱ्याच्या पोराला धंदा शिकवायचा असेल तर शिकवणाऱ्यांत शेतकरी हवा, आणि तो बोलावण्याची वाट न पाहता स्वतः जाऊन दार ठोठावणारा हवा. ठरावाचा मसुदा याच अंकाबरोबर बैठकीत वाचावा, सह्या घ्याव्यात आणि ज्या दिवशी निवेदन द्यायचे तो दिवस बैठक उठण्यापूर्वी ठरवावा.