पिंजरा कोणाला हवा?

शर्यतीच्या मोटारीत पोलादी नळ्यांचा पिंजरा, ज्याला ‘रोल केज’ म्हणतात, बसविला जातो तो मोटार उलटल्यास छत चेपू नये म्हणून. तेथे चालकाच्या डोक्यावर शिरस्त्राण असते आणि अंग पट्ट्यांनी आसनाशी जखडलेले असते. रस्त्यावरच्या मोटारीत शिरस्त्राण कोण घालतो? धडकेत उघडे डोके त्याच नळीवर आदळते आणि रक्षकच मारक ठरतो. वाहनाच्या मूळ बनावटीत मनमानी फेरफार करण्यास सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये मनाई केली, ते योग्यच झाले.

परंतु हौशी धनिकांच्या या शौकाची चर्चा किती करावी? पोलादी चौकटीची खरी निकड आहे ट्रॅक्टरला. स्वीडनने नव्या ट्रॅक्टरांना ती १९५९ सालीच सक्तीची केली आणि उलटलेल्या ट्रॅक्टरखाली चिरडून होणारे मृत्यू तेथे पुढे झपाट्याने घटले. कमरेचा पट्टा मात्र सोबत हवाच. नाहीतर चालक चौकटीबाहेर फेकला जातो. आपल्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत रात्री-अपरात्री कालव्याच्या भरावावरून जाणारा चालक बहुधा उघड्या आसनावरच बसलेला असतो. साखर कारखान्यांनी ऊसवाहतुकीच्या करारातच चौकटीची व पट्ट्याची अट घालावी. त्याचा खर्च चालकाच्या मजुरीतून कापला जाऊ नये, कारखान्याने सोसावा.