तापीमातेला चुनरी, खाडीला भराव

आषाढ शुद्ध सप्तमीस सुरतेत तापीजयंती साजरी होते. सूर्यकन्या म्हणून नदीची आरती होते, तिला लांबलचक चुनरी अर्पण केली जाते, आणि काठावरचा भाविक कृतार्थ होऊन घरी परततो. ह्या भक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. परंतु ज्या नगरीत नदीला माता म्हणतात, त्याच नगरीत कांकरा, मीठी, भेदवाड, सीमाडा ह्या खाड्या भरावाखाली वर्षानुवर्षे आकसत जातात, ह्यास काय म्हणावे? आईला लुगडे नेसवावयाचे आणि तिच्या घरच्या वाटा बुजवावयाच्या, हा कोणत्या शास्त्रातला धर्म?

ऑगस्ट २००६ मध्ये उकाई धरणातून सुमारे ९ लाख क्युसेक पाणी सुटले आणि सुरतेचा बहुतांश भाग बुडाला. तो दोष धरणाच्या व्यवस्थापनावर ठेवून आपण मोकळे झालो. पण २०२४ च्या जुलैत आणि २०२५ च्या जूनमध्ये जो पूर आला, त्यास सुरतकर 'खाडीपूर' म्हणतात. त्याचे कारण उकाईच्या दारांत शोधून सापडणार नाही. पाऊस पडला, खाडीस पसरावयास जागा उरली नव्हती, म्हणून ती घरांत शिरली. लिंबायतसारख्या भागांत, जेथे खानदेशातून पोटासाठी आलेली आपली मराठी माणसे मोठ्या संख्येने राहतात, तेथे हे पाणी चुलीपर्यंत येते.

ह्यावर ठरलेला उपाय म्हणजे सिमेंटची भिंत आणि पंप. भिंत सर्वस्वी निरुपयोगी आहे असे आम्ही म्हणत नाही. परंतु भिंत पाणी शोषीत नाही. ती ते अधिक वेगाने खालच्या वस्तीवर ढकलते. समुद्राला भरती असली म्हणजे खाडीचे तोंड अडते, आणि भिंतीच्या आतला पाऊस आतच कोंडतो. उलट मोकळे पाणथळ रान पाणी पसरू देते, झिरपू देते, हळूहळू सोडते. मुखाशी वाढलेली तिवरे लाटांचा जोर मोडतात, गाळ धरतात, आपल्या चिखलात कार्बन साठवितात. त्यांच्या मुळांत मासळीची पिल्ले वाढतात, फांद्यांवर पाखरे वसतात. पुराचे शमन, हवामानाचे रक्षण आणि जीवसृष्टीचा सांभाळ ही तिन्ही कामे एकाच जागी होतात. ९ लाख क्युसेकचा लोंढा झाडे थोपवतील, असा भाबडा दावा कोणी करू नये. तेथे धरणाचेच नियोजन हवे. पण शहराच्या अंगावर पडलेल्या पावसाला वाट आणि विसावा देणे, हे काम त्यांच्याच आवाक्यातले आहे.

ही विद्या परदेशातून आणावी लागत नाही. गोमंतकातील खाजने आपल्या वाचकांस ठाऊक आहेत. मातीचा बांध, त्याच्या बाहेर लाटा झेलणारी तिवरे, आणि भरतीला आपोआप मिटून ओहोटीला उघडणारी मानस: एवढ्या सामग्रीवर गावकऱ्यांनी शतकानुशतके खाऱ्या पाण्याशी सलोखा राखला. ज्या गावकरीने हे बांध सांभाळले, तिच्या चालीरीती १५२६ च्या पोर्तुगीज सनदेतही नोंदविल्या गेल्या. देवराई आणि देवळाची तळी ही त्याच शहाणपणाची अपत्ये होत.

सुरत महानगरपालिकेने कांकरा खाडीच्या काठी ८७ हेक्टरांहून अधिक जागेत जैवविविधता उद्यान योजिले आणि सप्टेंबर २०२२ मध्ये त्याची कोनशिला बसविली, हे स्तुत्यच आहे. १९९४ च्या प्लेगानंतर हेच शहर दोन-तीन वर्षांत झाडून स्वच्छ झाले होते; तेव्हा सुरतेला मनावर घेता येते, हे सिद्धच आहे. परंतु एका टप्प्यावर उद्यान आणि वरच्या टप्प्यावर भराव, असे चालले तर ते उद्यान म्हणजे आजारी माणसाच्या गळ्यातला हार ठरेल.

आता देवस्थान-समाजास दोन शब्द. सरकारी जमिनीवर प्रथम एक घुमटी उभी राहते, मग सभामंडप, मग दुकाने. आणि अधिकारी आला म्हणजे धर्म धोक्यात येतो. गुजरातमधूनच उद्भवलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ सप्टेंबर २००९ रोजी सार्वजनिक जागी नवी अनधिकृत धर्मस्थळे होऊ देऊ नयेत, असा आदेश दिला. बियास नदीच्या प्रकरणात १९९६ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, अशी नैसर्गिक संपत्ती सरकारपाशी जनतेची ठेव म्हणून असते. ठेव विश्वस्तालाही गिळता येत नाही, मग भक्ताला कशी येईल? १९२५ च्या प्रिव्ही कौन्सिलच्या निर्णयाने मूर्तीस स्वतःची इच्छा आणि हित असलेली विधिमान्य व्यक्ती मानले. देवाच्या वतीने इंचभर जमिनीसाठी पिढ्यान् पिढ्या दावे लढणाऱ्यांनी नदीच्या वतीने एक तरी अर्ज केला आहे काय?

कोणी म्हणेल, खाडीकाठची गरीब माणसे कोठे जातील? प्रश्न रास्त आहे. त्यांना पर्यायी घर दिल्यावाचून हलविणे अन्यायच होय. पण गरिबाच्या झोपडीआड लपून टोलेजंग भराव करणाऱ्यास ह्या करुणेचा लाभ मिळता कामा नये.

म्हणून आमच्या मागण्या सरळ आहेत. प्रत्येक खाडीची पूररेषा आखून ती लोकांस दाखवावी आणि तीत नवा भराव पडू देऊ नये. मुखाकडील तिवरे राखावीत. जेथे ती पूर्वी होती तेथे पुन्हा लावावीत. आणि प्रत्येक देवस्थान-विश्वस्त मंडळाने ठराव करावा की, पाण्याच्या वाटेत आम्ही बांधणार नाही, आणि बांधणाऱ्याची देणगीही स्वीकारणार नाही. हा शेवटचा ठराव करावयास ना सरकारची परवानगी लागते, ना महापालिकेचा निधी. पुढल्या आषाढी सप्तमीपूर्वी तो झाला, तर चुनरी नेसविणाऱ्या हातांना त्या दिवशी संकोच वाटणार नाही.