वाचलेल्या पुस्तकांची वही

परळ-लालबागच्या चाळींतून आमच्या शाळेंत येणाऱ्या मुलांच्या घरीं पुस्तकांचें कपाट नसतें, याबद्दल पालक पुष्कळदां संकोचानें बोलतात. ज्या एका खोलींत सहा माणसांचीं अंथरुणें मोठ्या कष्टानें मावतात, तेथें कपाट कोठून यावें? पुस्तक वाचनालयांतून येतें आणि मुदत भरतांच परत जातें. दादर-नायगांवचें मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय, ज्याची स्थापना १८९८ सालीं झाली, तेंही पुस्तक देतें तें परत घेण्याकरितांच! म्हणून आमचें म्हणणें असें कीं, ज्याच्या घरीं कपाट नाहीं त्यानें वही अवश्य ठेवावी. पुस्तक परत गेलें तरी त्याचें नांव, ग्रंथकार, वाचून संपल्याची तारीख आणि मनांत घर करून राहिलेली एखादी गोष्ट, एवढें वहींत राहील.

महात्मा गांधी १९२२ सालीं येरवड्याच्या तुरुंगांत गेले, तेव्हां त्यांस सहा वर्षांची शिक्षा होती. तेथील रोजनिशींत त्यांनीं वाचलेल्या पुस्तकांची नोंद ठेविली आहे. गिबनचा रोमन साम्राज्याच्या ऱ्हासाचा प्रचंड इतिहास त्यांनीं तेथेंच वाचला. नोंदी मात्र बहुधा त्रोटक. अमुक पुस्तक संपविलें, अमुक आरंभिलें, इतकेंच. आमच्या कांहीं विद्यार्थ्यांस पहिल्या पुस्तकावर चार पानें लिहिण्याचा उत्साह येतो आणि दुसऱ्या पुस्तकाला वही बंद पडते. त्यांनीं हा त्रोटकपणा उचलावा.

शंकर गणेश दाते यांनीं १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी ग्रंथांची सूचि केली. ती कांहीं वाचनाची वही नव्हे. परंतु छापलेलें पुस्तकही किती सहज विस्मरणांत जातें, हें तिचीं पानें चाळतांना कळतें. मग नुसतें वाचलेलें पुस्तक विसरलें तर नवल काय?

एक गोष्ट मात्र आम्हांस आग्रहानें सांगावयाची आहे, मग ती आमच्या सहकाऱ्यांस रुचो अथवा न रुचो. या वहीस गुण देऊं नयेत. गुण आले कीं ग्रंथालयाच्या यादींतून नांवें उतरविलीं जातात आणि न उघडलेलीं चाळीस पुस्तकें "वाचून" होतात. शेजारच्या मुलाच्या यादीशीं तुलना करणें हाही त्याच रोगाचा घरगुती प्रकार होय. उलट, "पृष्ठ ६२ वर सोडलें, कंटाळा आला" अशी नोंद ज्या वहींत सांपडेल, ती वही आम्हांस अधिक मोलाची वाटते. आठवींत टाकून दिलेलें लक्ष्मीबाई टिळकांचें 'स्मृतिचित्रें' दहावींत पुन्हां हातीं घेतां येतें. आणि दोन तारखा समोरासमोर दिसल्या म्हणजे मधल्या काळांत बदललें तें पुस्तक नव्हे, हें कोणीं सांगावें लागत नाहीं.

ही नोंद मोबाईलवर ठेविली तर चालेल काय, असें कोणी विचारतात. चालेल, पण मोबाईल बहुधा वडिलांचा असतो आणि तो त्यांच्याबरोबर रात्रपाळीस जातो. जूनमध्यें शाळेच्या वह्या आणाल, तेव्हां एक शंभरपानी अधिक आणावी, आणि मुलानें आपण होऊन दाखविल्यावांचून तींत डोकावूं नये.