हिरवा ठिपका आणि डोंगरी सीताफळ

कोजागरीच्या रात्री ज्याला दुधाचा पेला वर्ज्य आहे अशा मनुष्याची आपल्याकडे कोणी तजवीज करीत नाही, ही तक्रार या सदरात पूर्वी येऊन गेलेली आहे; परंतु या आठवड्यात बुलढाण्यात जे घडले ते त्याहून वाईट, कारण या खेपेस तजवीज झाली होती आणि तीच बाधली. आमच्या वसाहतीतील एका लहान मुलीला दुधातील प्रथिनांचे वावडे आहे हे सर्वांस ठाऊक असल्यामुळे यजमानांनी मोठ्या आस्थेने तिच्यासाठी ‘फ्रोझन डेझर्ट’चा निराळा डबा आणविला होता, आइस्क्रीम नव्हे त्या अर्थी दूध नव्हे, असा त्यांचा सरळ समज होता, आणि डब्यावरील हिरव्या ठिपक्याने तो समज पक्का केला. दोन चमचे पोटात जातात न जातात तोच मुलीच्या ओठांवर सूज आली, अंगावर गांधी उठल्या आणि कोजागरीचे जागरण तिच्या आईवडिलांना रुग्णालयात करावे लागले. मुलगी आता बरी आहे.

हिरवा ठिपका म्हणजे दूध नसल्याची खात्री असे ज्यांना वाटते त्यांनी आता अशा कोणत्याही डब्याच्या पाठीवरील बारीक मजकूर वाचावा. आइस्क्रीम या नावाने जिन्नस विकावयाचा असेल तर त्यात शेकडा 10 दुग्धस्निग्धांश असलाच पाहिजे अशी कायद्याची अट आहे, आणि त्या स्निग्धांशाच्या जागी वनस्पतीचे तेल घातले की तोच जिन्नस फ्रोझन डेझर्ट ठरतो. म्हणजे बदलतो तो केवळ स्निग्धांश, दुधाची भुकटी बहुधा जशीच्या तशी राहते. 2017 साली फ्रोझन डेझर्टविषयीच्या अमूलच्या जाहिरातीवरून हिंदुस्तान युनिलिव्हरने मुंबई उच्च न्यायालयात जो दावा लावला त्यातील सारा तंटा वनस्पती तुपाचा आणि तेलाचा होता, दुधाच्या अभावाचा नव्हे. हिरवा ठिपका तर मांस, मासे आणि अंडी नसल्याचीच ग्वाही देतो. दूध, दही, तूप त्याच्या छत्राखाली सुखाने नांदतात. प्राणिजन्य असे काहीच नसलेल्या पदार्थांसाठी 2022 च्या नियमांनी निराळे चिन्ह ठरवून दिलेले आहे, आणि दूध असल्यास तसे घटकांच्या यादीजवळ छापणे उत्पादकावर बंधनकारक आहे. परंतु मुले गोळा झालेल्या अंगणात, चांदण्याच्या उजेडात, ते टीचभर अक्षर कोणाच्या नजरेस पडणार?

आता त्या डब्याशेजारी राजूर घाटातून आलेले एक पिकलेले सीताफळ ठेवावे आणि दोहोंत काय काय आहे हे शांतपणे ताडून पाहावे. मला जे सांगावयाचे आहे ते बहुतेक सारे या एका तुलनेत आहे. गोठविलेल्या गोडात दुधाचे काम तरी काय असते? स्निग्धांश जिभेवर पसरून थंडीचा दाह कमी करतो, घुसळताना शिरलेली हवा धरून ठेवतो, आणि पाण्याचे बारीक स्फटिक एकमेकांस मिळून मोठे होऊ लागले म्हणजे त्यांच्या वाटेत आडवा येतो. डब्यातील प्रत्येक जिन्नस या कामांपैकी एकेकाचा बदली कामगार म्हणून नेमलेला असतो: स्निग्धतेसाठी तेल, ते तेल पाण्याशी एकजीव राहावे म्हणून एक द्रव्य, स्फटिक वाढू नयेत म्हणून डिंकाच्या जातीचे दुसरे, गोळा दगडासारखा होऊ नये म्हणून साखर आणि द्रव ग्लुकोज, आणि एवढे झाल्यावर फळाची आठवण व्हावी म्हणून सुवास. हवेचा हिशेब निराळाच आहे. खुद्द आइस्क्रीमच्या एका लिटराचे वजन 525 ग्रॅम भरले तरी कायद्याचे समाधान होते, तेव्हा मापाने घेतलेल्या डब्यात आपण पैसे कशाचे मोजतो याचा अंदाज वाचकांनी करावा.

सीताफळाच्या गरात यांपैकी बहुतेक कामे करणारे घटक निसर्गानेच एकत्र ठेवलेले आहेत. त्यातील साखर पाण्याचा गोठणबिंदू खाली आणते, म्हणून गर गोठला तरी चमच्याला वाट देतो. त्यातील तंतू आणि पेक्टिन पाणी धरून ठेवतात, म्हणून कलिंगडाच्या रसाचा जसा कडकडीत खडा बनतो तसा त्याचा बनत नाही. आणि सुवासासाठी कोणत्याही कुपीकडे धाव घ्यावी लागत नाही. उणीव एकच, स्निग्धतेची, कारण या फळात स्निग्धांश जवळजवळ नाही. ती उणीव नारळाच्या दाट दुधाने किंवा भिजवून वाटलेल्या काजूने भरून निघते. या फळाचा आणखी एक स्वभाव आहे. त्याचा गर तापविला की कडवट होतो, त्यामुळे मिश्रण उकळून घेणाऱ्या पद्धतीशी त्याचे जमत नाही, आणि स्वस्त मालात फळाऐवजी त्याचा नुसता वास येण्याचे एक कारण मला येथे दिसते. खरे फळ घालूनही व्यापार करता येतो हे रघुनंदन कामत यांनी 1984 साली जुहूला ‘नॅचरल्स’ काढून सिद्ध केले, आणि त्यांच्या सीताफळाच्या आइस्क्रीमचा लौकिक सर्वश्रुत आहे; परंतु त्यातही दूध असतेच, तेव्हा या मुलीच्या उपयोगाचे तेही नव्हे. तिच्यासाठी घरच्या स्वयंपाकघराखेरीज खात्रीचे ठिकाण मला दिसत नाही.

फळ मात्र डोंगरीच घ्यावे. बागेतील बालानगर जातीचे फळ मोठे, गराळ आणि दिसण्यास देखणे असते हे मी नाकारीत नाही. पण अजिंठ्याच्या डोंगररांगेतील मुरमाड उतारावर, पावसाखेरीज दुसरे पाणी न मिळता वाढलेल्या लहानशा फळाच्या सुवासापुढे ते फिके पडते, हे माझे मत आजवर कोणाला बदलता आलेले नाही. हेच फळ टोपल्यांतून घाटरस्त्याच्या कडेला येते, दोन दिवसांत मऊ पडते आणि विकले न गेलेले तेथेच कुजते. त्याचा गर काढून गोठविण्याची सोय तालुक्याच्या ठिकाणी करावी, ही मागणी मी पुन्हा एकदा नोंदवून ठेवतो आणि संबंधितांच्या दप्तरी ती जाईपर्यंत नोंदवीत राहीन.

आता हे फळ घरी दुधाविना गोठविण्याची कृती थोडक्यात सांगतो. डोळे उघडलेली, बोटाला सहज दबणारी फळे फोडून गर चमच्याने काढावा, सालीलगतचा फार रवाळ भाग सोडून द्यावा, आणि गर चाळणीवर हाताने घासून बिया वेगळ्या कराव्यात. बियांसकट गर मिक्सरमध्ये कदापि फिरवू नये, कारण त्या बिया विषारी आहेत आणि त्यांची पूड डोळ्यांत गेल्यास गंभीर इजा होते. दोन वाट्या गरास अर्धी वाटी नारळाचे दाट दूध, एक चांगले पिकलेले केळे, चमचाभर लिंबाचा रस आणि चिमूटभर मीठ पुरे होते. लिंबामुळे गर काळवंडण्याचे लांबते, आणि साखर चाखून मगच घालावी. हे मिश्रण पसरट ताटात पातळ थरात गोठवावे, कारण गोठण्यास जितका वेळ अधिक तितके स्फटिक मोठे. मग वडी मोडून मिक्सरमध्ये फिरवावी आणि पुन्हा तासभर फ्रीजरमध्ये ठेवावी. ज्यांच्या माळ्यावर जुना आइस्क्रीमचा पॉट अद्याप शाबूत आहे त्यांनी तो खाली काढावा: तीन भाग कुटलेल्या बर्फास एक भाग जाडे मीठ घातले की ते मिश्रण शून्याखाली वीस अंशांच्या आसपास उतरू शकते, दांडा सतत फिरत राहिल्याने स्फटिकांना वाढण्यास उसंत मिळत नाही, आणि भारनियमनाशी त्याला काही कर्तव्य नसते. भांडी मात्र दुधाचा अंशही नसलेली, स्वच्छ धुतलेली असावीत, आणि ज्या मुलासाठी हे करावयाचे त्याला नारळ किंवा काजू चालतो की नाही हे त्याच्या आईला आधी विचारावे. घाटातील फळ दिवाळीनंतर फार दिवस टिकत नाही. तेव्हा आताच चार टोपल्या घेऊन, बिया काढलेला गर लिंबाचा रस लावून लहान पिशव्यांत सपाट भरून गोठवावा, म्हणजे संक्रांतीला हळदीकुंकवास येणाऱ्या मुलांनाही तो पुरेल.