मंडळावर कोणी बसावे?

२०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने चाळीस टक्के वा अधिक दिव्यांगत्व असलेल्या ६ ते १८ वर्षांच्या मुलांना मोफत शिक्षणाचा हक्क दिला. त्यावर लक्ष ठेवणे ज्याच्या कक्षेत येते, त्या राज्य सल्लागार मंडळावर सरकारने पाच तज्ज्ञ व संघटनांचे दहा प्रतिनिधी नेमावयाचे असतात. हे दहाजण 'शक्यतो' दिव्यांग असावेत, त्यांत किमान पाच स्त्रिया असाव्यात, असे कायदा सांगतो. आमची शंका आहे ती या 'शक्यतो'विषयी. अशाच शब्दांच्या फटींतून मर्जीतली माणसे आत शिरतात, हा अनुभव नवा नाही. बौद्धिक दिव्यांग मुलाला आपली बाजू मांडता येत नसेल, तर त्याच्या वतीने त्याची आई बसावी. सत्कारापुरता येणारा मानकरी नव्हे. तज्ज्ञांतही प्रत्यक्ष वर्गात शिकविणारा एक तरी विशेष शिक्षक हवाच. सत्तरी वा काणकोणातल्या मुलाची अडचण पणजीतल्या फायलींतून उमगत नाही. सहा महिन्यांतून किमान एक बैठक कायद्याने बंधनकारक आहे. ती माना डोलविण्यासाठी नव्हे. ज्याचे जळते त्यालाच कळते, हे सरकारने नावे ठरविताना ध्यानी ठेवावे.